रक्ताची पत्रिका

कालिंदीवहिनी निसळ यांच्याकडून कुणाचं भांडं रिकामं परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं. डमडमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या घोषबाबूंकडून पायेशची, म्हणजे बंगाली खिरीची, वाटी आली, की परत जाताना तिच्यात शंकरपाळे असत, नाहीतर लिंबाचं लोणचं. घरात काहीच नसलं तर मूठभर साखर. "ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही, त्यालाच भांडं रिकामं द्यावं," असं त्यांच्या सांगलीच्या आईचं सांगणं होतं.

त्यांचा दुसरा गुण म्हणा किंवा दोष म्हणा, त्या काही विसरत नसत. इमारतीच्या सेक्रेटरीने फार पूर्वी एकदा पाण्याच्या भांडणात त्यांना "तुम्ही बाहेरची माणसं" असं बंगालीत सुनावलं होतं. तेव्हापासून दर विजयादशमीला वहिनी साऱ्या इमारतीत मिठाई वाटतात, फक्त त्याचं दार सोडून. त्याची बायको एकदा म्हणाली, "दीदी, आमच्याकडे यायचं राहिलं." वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "राहिलं नाही."

त्यांचे यजमान श्रीकांत आणि मी एकाच सरकारी विमा कंपनीत. दोघांची बदली कलकत्त्याला झाली आणि दोघंही इथेच रुळलो. त्यांची एकुलती एक मुलगी नूपुर इथेच जन्मली. ती एका शाळेत भूगोल शिकवते. तिचं मराठी स्वच्छ आहे, पण मधूनच "आई, तू माझ्यावर राग करू नको" असं बंगाली वळणाचं वाक्य येतं.

गेल्या वैशाखात नूपुरचा साखरपुडा झाला. मुलगा क्षितिज करंबेळकर, सॉल्ट लेकला सॉफ्टवेअरमध्ये. वडील उदयराव एका सरकारी कंपनीत हिशेब खात्याचे जनरल मॅनेजर, आई सुलभाताई रसायनशास्त्राच्या पदवीधर. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्या दोन वाक्यं तरी बोलणारच. या सोयरिकीच्या वेळी त्यांचं वाक्य होतं, "आम्ही पत्रिका बघत नाही, रक्त बघतो."

ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखंच होतं. इकडे लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी बरेच जण करून घेतात, आणि ती शहाणपणाचीच गोष्ट आहे. पण सुलभाताईंनी नुसती तेवढीच तपासणी सांगितली नाही. त्यांनी एका लॅबचं विवाहपूर्व पॅकेज मागवलं, मुलाचं वेगळं आणि मुलीचं वेगळं. मुलीच्या पॅकेजमध्ये गरोदरपणाच्या दृष्टीने म्हणून चार चाचण्या जास्त होत्या. रक्त घ्यायला माणूस घरी आला. रिपोर्ट सुलभाताईंच्या मोबाइलवर गेले, कारण बुकिंग त्यांनी केलं होतं.

आठवडाभराने त्यांचा फोन आला. वहिनींनी नेहमीप्रमाणे "बोला विहीणबाई" म्हटलं.

"विहीणबाई म्हणू नका आता," सुलभाताई म्हणाल्या. "आम्हाला जमायचं नाही."

"का? काय झालं?"

"ते तुमच्या मुलीला विचारा. रिपोर्ट पाठवते. उदयनेसुद्धा आकडा बघितला. मर्यादा एक पूर्णांक एक दशांश, आणि तिचा बावीसच्या वर. वीस पट."

रिपोर्ट आला. थॅलेसेमिया नव्हता, साखर ठीक, रक्त उत्तम. खाली एका ओळीत हर्पिस एक आणि दोन, आयजीजी, आणि पुढे ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह. श्रीकांतने मोबाइलवर शोधलं. पहिल्याच पानावर 'लैंगिक संबंधातून पसरणारा रोग' हे शब्द आले, तसा त्याने फोन उलटा ठेवला. नूपुर शाळेतून आली. तिने रिपोर्ट वाचला आणि आईकडे बघून म्हणाली, "मला माहीत नाही हे कुठून आलं. तू मला विचारणार आहेस का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"का नाही?"

"कारण मला विचारायला सांगितलंय त्या बाईने. तिचं मी का ऐकू?"

एवढ्यावर ते थांबलं असतं. सोयरीक मोडते, माणसं सावरतात. पण मंडळाच्या गणपतीत बायका मोदक करायला बसल्या होत्या. माझी पत्नी वैदेही त्यांच्यात होती. वहिनी जरा उशिरा पोचल्या आणि दाराबाहेर चपला काढत असताना त्यांनी सुलभाताईंचा आवाज ऐकला. कुणीतरी विचारलं होतं, सोयरीक का फिसकटली. सुलभाताई पारी करता करता म्हणाल्या, "पत्रिकेत मंगळ असता तर एक वेळ चालवून घेतला असता हो. हा मंगळ रक्तातला. आणि रक्तात आपोआप येत नाही तो, आणावा लागतो."

बायका हसल्या नाहीत, पण कुणी काही बोललंही नाही. वैदेही म्हणाली, तो गप्पपणा हसण्यापेक्षा वाईट होता. वहिनी आत आल्या, पदर खोचला, बसल्या आणि मोदक वळू लागल्या. त्यांच्या मोदकांना नेहमी एकवीस कळ्या येतात. त्या दिवशीही आल्या.

घरी आल्यावर त्या श्रीकांतला म्हणाल्या, "या बाईला मी त्याच बायकांसमोर हे शब्द गिळायला लावीन. लावलं नाही तर नावाची कालिंदी नाही."

पण गिळायला लावण्याआधी त्यांना माहीत हवं होतं, की ते शब्द खोटे आहेत. म्हणून त्या नूपुरला घेऊन डॉक्टर सुदेष्णा लाहिरींकडे गेल्या. त्यांचा दवाखाना मेट्रो स्टेशनजवळ, खाली मिठाईचं दुकान. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि पहिला प्रश्न नूपुरला विचारला, "तुला काही त्रास आहे?"

"नाही."

"कधी झाला होता?"

"नाही."

"मग ही तपासणी कुणी करायला सांगितली?"

"माझ्या होणाऱ्या सासूने," नूपुर म्हणाली. "आता होणार नाही."

डॉक्टर लाहिरी हसल्या नाहीत. त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून समजावून सांगितलं. या विषाणूचे दोन प्रकार आहेत. एक नंबरचा बहुतेक तोंडाचा. तापानंतर ओठावर फोड येतो, बंगालीत ज्याला ज्वरठोशा म्हणतात, तो याचाच. लहानपणी कुणीतरी पापा घेतं, एका चमच्याने भरवतं, आणि तो लागतो. बहुतेकांना कळतही नाही, कारण फोड येतोच असं नाही. एकदा लागला की तो शरीरात झोपून राहतो आणि रक्तात त्याची खूण कायमची राहते. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच, की कधीतरी तो शरीरात आलेला आहे. जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या रक्तात ती खूण सापडेल. दुसरा प्रकार बहुतेक लैंगिक संबंधातून येतो. लॅबने मात्र दोन्ही प्रकार एकाच ओळीत घातले होते, त्यामुळे कोणता ते या रिपोर्टवरून कळतच नव्हतं.

"आणि वीस पट?" वहिनींनी विचारलं.

"कसले वीस पट? आकडा मोठा म्हणजे रोग मोठा असं नसतं. मर्यादेच्या जरासाच वर असता तर उलट मला शंका आली असती, की हा खोटा पॉझिटिव्ह तर नाही. मोठा आकडा सांगतो, की खूण खरी आहे. रोग किती, कधीचा, हे सांगत नाही."

"कुणाकडून आला ते?"

"ते तर मुळीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त कुणाचं नाव सांगत नाही."

त्यांनी दोन्ही प्रकार वेगळे दाखवणारी चाचणी लिहून दिली. 'औषधोपचारासाठी हिची गरज नाही, तुमच्या मनासाठी करा,' असंही सांगितलं. रिपोर्ट आला. एक नंबर पॉझिटिव्ह, दोन नंबर निगेटिव्ह. वहिनींचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, "बघितलंस? त्यांचं तोंड बंद झालं."

नूपुरने तो कागद त्यांच्या हातातून घेतला. "आई, आणि दोन नंबर निघाला असता तर? मग त्या बाई खऱ्या ठरल्या असत्या? डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना. एक नंबरसुद्धा कधी कधी तशा संबंधातून लागतो. दोन नंबर असलेल्या बायका काय रस्त्यावर पडल्यात? त्यांची लग्नं होतात, मुलं होतात. हा कागद तू कुणालाही दाखवायचा नाही."

"अगं, पण हाच तर पुरावा."

"पुरावा आरोपीला लागतो. मी आरोपी नाही."

 कागद दाखवायचा नाही, हे वहिनींनी पाळलं. त्यामुळे सूड घ्यायला त्यांच्या हातात फक्त एकच गोष्ट उरली, सुलभाताईंची स्वतःची पद्धत.

दिवाळीनंतर मंडळात बातमी आली, की क्षितिजचं पुण्याला ठरतंय. मुलगी सदाशिव पेठेतली, घर चांगलं. वहिनींची नणंद अमृता त्याच भागात राहते आणि त्या घराशी तिचा घरोबा. वहिनींनी तिला फोन लावला. श्रीकांत समोरच वर्तमानपत्र वाचत होता.

"अमृता, त्या मंडळींना एवढंच सांग, करंबेळकरांकडे पत्रिका बघत नाहीत, रक्त बघतात. फार चांगली पद्धत आहे. तुम्हीही मुलाचं बघून घ्या. आणि मुलीच्या ज्या तपासण्या करतात त्या सगळ्या मुलाच्याही करा, हर्पिस धरून. त्यांना आवडेल. समानतेचं घर आहे."

फोन ठेवल्यावर श्रीकांत म्हणाला, "कालिंदी, हे बरं नव्हे."

"मी एक शब्द तरी खोटा बोलले का?"

"खोटं नाही बोललीस. म्हणूनच बरं नव्हे. आणि नाही काही निघालं तर?"

"नाही तर नाही. पण निघेल. साखरपुड्यात सुलभाताईंच्या ओठाकडे बघितलंत का तुम्ही? लिपस्टिकच्या खाली केवढा फोड होता. मी विचारलं, तर म्हणाल्या, ताप येऊन गेला की हे ठरलेलंच, माहेरपासूनचं."

श्रीकांतने वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. मला तो म्हणाला, "बत्तीस वर्षं संसार केला, पण त्या दिवशी मी सेक्रेटरीच्या जागी नाही याचं मला बरं वाटलं."

पुण्याच्या मंडळींनी तपासणी मागितली. सुलभाताईंना नाही म्हणायला तोंड नव्हतं, स्वतःचंच वाक्य आडवं आलं. क्षितिजचा रिपोर्ट आला. हर्पिस एक आणि दोन, आयजीजी, पॉझिटिव्ह. आकडा नूपुरपेक्षाही मोठा. पुण्याहून निरोप आला, की आम्हाला थोडा विचार करायला वेळ द्या. असा वेळ मागणाऱ्या माणसांचं उत्तर काय असतं, ते सगळ्यांना माहीत असतं.

घरात काय झालं ते नंतर उदयरावांनीच मला सांगितलं. सुलभाताईंनी मुलाला समोर बसवून विचारलं, कुठे गेला होतास, कुणाबरोबर. तो शपथा घेऊ लागला. त्यांचा विश्वास बसेना, कारण रक्तात आपोआप येत नाही असं त्याच म्हणाल्या होत्या. तो घर सोडून राजारहाटला मित्राकडे राहायला गेला. डॉक्टरकडे जायची त्यांना लाज वाटू लागली. ज्या आजाराला आपण चार बायकांत मंगळ म्हटलं, तो घेऊन कुणाच्या दारी जायचं? पण निसळांनी डॉक्टर गाठल्याचं त्यांच्या कानावर होतं. शेवटी संक्रांतीच्या आधी, एका दुपारी, त्या डमडमला आल्या.

वहिनींनी दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. चहा विचारला नाही. त्यांच्या घरात कुणालाही चहा न विचारण्याचा तो पहिलाच प्रसंग असेल. नूपुर आतल्या खोलीत पेपर तपासत होती. दार उघडंच होतं.

सुलभाताई पदराचं टोक दुमडू लागल्या. मग म्हणाल्या, "क्षितिजचं कळलंच असेल तुम्हाला."

"कळलं."

"पुण्याला कुणी सांगितलं तेही कळलंय मला."

"मी सांगितलं. तुमची पद्धत चांगली आहे, ती पसरली पाहिजे."

"टोमणे मारा. मारायचा हक्क आहे तुमचा. पण मला एवढं सांगा, याचा अर्थ काय होतो? तुम्ही डॉक्टरांना भेटलात. माझा मुलगा माझ्याशी बोलत नाहीये."

"माझी मुलगी शाळेत शिकवायला जायची, तेव्हा मंडळातल्या बायका मेट्रोत तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. तिने मला अर्थ विचारला नव्हता. मी शोधला."

"काय हवंय तुम्हाला?"

"संक्रांतीचं हळदीकुंकू आहे मंडळात. मोदकांच्या वेळी होत्या त्या सगळ्या बायका येतील. तिथे उभ्या राहा आणि सांगा, की नूपुरबद्दल बोललात ते चुकीचं होतं. पुटपुटायचं नाही. गणपतीत बोललात तेवढ्याच मोठ्याने."

"आणि नाही बोलले तर?"

"तर नका बोलू. डॉक्टर लाहिरींचा दवाखाना मेट्रो स्टेशनजवळच आहे. नंबर लावा आणि बाकावर बसा. आपली बरीच माणसं जातात तिथे."

सुलभाताई म्हणाल्या, "बोलेन."

मग वहिनींनी सगळं सांगितलं. दोन प्रकार, झोपून राहणारा विषाणू, मोठ्या आकड्याचा अर्थ, निम्म्याहून जास्त माणसं. क्षितिजच्या रिपोर्टवरून कोणता प्रकार तेही कळत नाही, वेगळी चाचणी करता येते, पण त्रास नसेल तर तिचीही गरज नाही. डॉक्टरांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवर काढलं होतं तसंच त्यांनी बोटाने टेबलावर काढून दाखवलं. सुलभाताईंचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. म्हणाल्या, "म्हणजे लहानपणीचासुद्धा असू शकतो."

"असू शकतो. तुमच्या ओठावर तो फोड येतो ना, ताप आला की?"

"हो."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"आणि क्षितिज तान्हा असताना तुम्ही त्याचे पापे घेतलेच असतील."

सुलभाताईंचा हात आपोआप ओठांकडे गेला.

"तो शपथा घेत होता, ते खरं होतं," वहिनी म्हणाल्या. "त्याला तो तुम्ही दिलात. रक्तात आपोआप येत नाही, आणावा लागतो, असं कुणीतरी म्हणालं होतं. त्याने आणला नाही. तुम्ही आणून दिलात."

सुलभाताई उठल्या. दारात त्यांचा तोल जरा गेला, तेव्हा वहिनींनी हात दिला नाही.

दार लागल्यावर नूपुर बाहेर आली. "आई, डॉक्टर म्हणाल्या होत्या, रक्त कुणाचं नाव सांगत नाही. ते वाक्य तू त्यांना सांगितलं नाहीस."

"विसरले."

"तू काही विसरत नाहीस."

"मग समज, नाही विसरले."

 नूपुरने आईला दोष दिला नाही आणि शाबासकीही दिली नाही. पेपर तपासायला परत गेली. संध्याकाळी क्षितिजचा फोन आला, बहुधा आईशी बोलणं झाल्यावर. वहिनींनी स्वयंपाकघरातून तिचं बोलणं ऐकलं. "क्षितिज, तुला काही झालेलं नाही. घाबरू नको. आईवर फार राग करू नको. आणि मला परत फोन पण करू नको."

हळदीकुंकवाच्या दिवशी आम्ही पुरुष खाली अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. वर काय झालं ते वैदेहीने सांगितलं. वाण लुटून झालं, तिळगूळ वाटला, आणि सुलभाताई उभ्या राहिल्या. "गणपतीत मी नूपुर निसळबद्दल जे बोलले ते चुकीचं होतं. मला रिपोर्ट वाचता आला नाही. तसला रिपोर्ट माझ्या मुलाचाही आहे, आणि त्यात त्याचीही चूक नाही." आवाज मोठा होता, फक्त शेवटी फाटला.  तेवढ्यात मंडळातल्या चंद्रकांत लिमयांची बंगाली सून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "हे तर ज्वरठोशा. आमच्या घरी सगळ्यांना येतो. माझी ठाकुरमा, आजी, तूप लावायची. याने लग्न मोडतं काय?" दोघीतिघी हसल्या. मग एकीने सांगितलं, मलाही येतो. दुसरी म्हणाली, माझ्या नवऱ्याला दर परीक्षेला यायचा. वैदेहीचं म्हणणं, गणपतीतला गप्पपणा त्या दिवशी फुटला.

पायऱ्या उतरून बायका खाली येऊ लागल्या. कालिंदीवहिनींनी सर्वांना तिळगूळ दिला, मलाही दिला, "गोड बोला" म्हणाल्या. सुलभाताई सर्वांत शेवटी उतरल्या. त्यांच्या हातात एक मोठा पितळी डबा होता, नक्षीचा. मी तो ओळखला. साखरपुड्याला करंबेळकरांकडून पेढे आले होते, ते त्याच डब्यातून. इतके महिने तो निसळांकडे होता, आज वहिनींनी परत केला होता. नुकताच चिंचेने घासल्यासारखा तो चकाकत होता.

फाटकाजवळ सुलभाताई थांबल्या आणि त्यांनी झाकण उघडलं. आत बघितलं. साखरेचा कणही नव्हता. मग झाकण लावलं, उदयरावांच्या हातात डबा दिला आणि गाडीत जाऊन बसल्या.

श्रीकांतने बायकोकडे बघितलं. वहिनी कुणाच्या तरी लहान मुलीच्या ओंजळीत तिळगूळ घालत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.